स्वस्तातली गन, कोरडी हवा

अमेरिकेत हार्बर फ्रेट नावाच्या हत्यारांच्या दुकानात रंग फवारायची, जांभळ्या रंगाची एक स्प्रे गन मिळते. वर साधारण सहाशे मिलिलिटरचा कप, तोंडाशी १.४ मिलिमीटरचं नोझल, आणि फवाऱ्याची रुंदी, रंग आणि हवा कमी-जास्त करायला तीन चाव्या. बरीच वर्षं ती दहा ते वीस डॉलरच्या दरम्यान मिळत आली आहे. गाड्या रंगवणारे कारागीर ज्या नावाजलेल्या गन वापरतात, त्या पाचशे-सातशे डॉलरच्या. त्यामुळे जांभळ्या गनचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाच्या मते ती कचऱ्यात टाकायच्या लायकीची, दुसऱ्याच्या मते महागड्या गनला तोडीस तोड. मला दोन्ही पटत नाही. मोटारीच्या चकचकीत मेटॅलिक रंगाला ती पुरी पडणार नाही. पण जुना गार्डन ट्रॅक्टर घरच्या घरी रंगवायचा असेल, तर याहून महाग गन घ्यायची काही गरज नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारं धूड डोळ्यासमोर येतं. गार्डन ट्रॅक्टर त्यामानाने बुटका. सात ते वीस हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि सीटवर बसल्या बसल्या हात खाली केला तर गवताला लागेल एवढी उंची. पण अंगाने भक्कम. मागचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स बिडाचा, बॉनेटचा पत्रा असा की बोटाने दाबून वाकत नाही. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचं डेक, हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचं पातं, आणि मनात आणलंच तर मागे छोटा नांगर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर मोठ्या आवारांची घरं झाली आणि साठच्या दशकात या यंत्रांना बरकत आली.

मी राहतो तो विस्कॉन्सिनचा भाग म्हणजे तर त्यांचं माहेरच. जॉन डिअरने आपला पहिला गार्डन ट्रॅक्टर, मॉडेल ११०, १९६३ मध्ये काढला तो इथल्या होरिकॉन गावात. मिशिगन सरोवराकाठच्या पोर्ट वॉशिंग्टनमध्ये सिम्प्लिसिटी आणि बोलन्स असे दोन कारखाने एकाच गावात होते. यांतल्या कितीतरी ट्रॅक्टरांत धडधडणारं बिडाचं इंजिन कोहलरचं, आणि ते कोहलर हे गावही याच राज्यात. इंजिनं बनवणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन मिलवॉकीची, नारिंगी ट्रॅक्टरांची अ‍ॅलिस-चाल्मर्स मिलवॉकीला खेटून असलेल्या वेस्ट अ‍ॅलिसची. पोर्ट वॉशिंग्टनचे ते दोन्ही कारखाने आता बंद आहेत. पण त्यांनी बनवलेली यंत्रं अजून गावोगावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असतात, आणि इंजिन तंदुरुस्त असूनही केवळ रूप गेलं म्हणून भंगारात निघतात. याचं मला वाईट वाटतं. साठ वर्षांनी चालणारं यंत्र बनवणं सोपं नसतं. ज्यांनी ते बनवलं त्यांचे हात इथलेच, माझ्या आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांचे.

माझ्याकडचा ११० शेजारच्या आजींकडून आला. त्यांच्या यजमानांनी तो नवा घेतला होता, गोल मडगार्डचा, म्हणजे १९६८ च्या आधीचा. आजींनी किल्लीबरोबर त्याचं तेलकट झालेलं माहितीपुस्तकही दिलं. इंजिन दुसऱ्या खेचीत लागलं. हिरवा रंग मात्र उडून पांढुरका पडला होता आणि पायाच्या फळीखाली मिठाने पत्रा खाल्ला होता. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ज्या यंत्राने बर्फ काढायचा त्यालाच ते मीठ आधी लागतं. म्हणून इथे रंगाकडे मी शोभा म्हणून बघत नाही. ती पत्र्याची निगा आहे.

स्वस्तातली गन इथे का चालते, याचं पहिलं कारण आकार. ट्रॅक्टरचा सगळ्यात मोठा सलग भाग म्हणजे बॉनेट, आणि तेही हाताच्या एका फेरीत संपतं. मोटारीच्या टपावर फवाऱ्याची पट्टी पट्टीशी जुळवत नेताना गनचा जरासा दोषही उन्हात दिसतो. इथे तेवढं क्षेत्रच नाही. मडगार्ड, डॅशचा खांब, जाळी, चाकं, सगळं सुटं करून दोरीला टांगता येतं. दुसरं कारण रंगाचं. हिरवा म्हणजे नुसता हिरवा, त्यात चकाकणारी चांदी नाही, वर पारदर्शक क्लिअर कोट नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कारखान्यातून निघाले तेव्हा हे ट्रॅक्टर आरशासारखे नव्हतेच. ज्यांचा मूळ रंग अजून शाबूत आहे अशा जुन्या ट्रॅक्टरांची आतली बाजू बघा. कोपऱ्यात रंग पातळ, खालच्या कडेला एखादा ओघळ, नटबोल्टवरही तोच रंग. कामाची वस्तू म्हणून त्या रंगवल्या होत्या. आज काही हौशी लोक त्यांना मोटारीच्या प्रदर्शनात शोभेल अशी झळाळी देतात. त्यांच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण तो ट्रॅक्टर मग ट्रॅक्टर वाटत नाही.

गन कशी आहे ते मी व्हिडिओ कॉलवर मामांना दाखवलं. मामांची मिरजेत ट्रकच्या बॉडी रंगवायची शेड होती. शाळेच्या सुट्टीत मी तिथे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून द्यायचं काम करायचो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेल्या पत्र्यावरून तळहात फिरवून ते डोळे मिटून सांगायचे, इथे अजून घासायला पाहिजे. मला वाटलं होतं ते नोझल बघतील, फवारा बघतील.

“गनचं काय घेऊन बसलास?” मामा म्हणाले. “हवा कोरडी आहे का तुझी?”

“म्हणजे, मामा?”

“टाकीचा खालचा कॉक कधी सोडला होतास? सोड बघू आत्ता.”

मी गनला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरखालचा कॉक सोडला. चहाच्या रंगाचं पाणी फरशीवर पसरलं. मामा तिकडून नुसते बघत होते.

त्यांची शेड पावसाळ्यात जवळपास बंद असायची. एनसी रंग, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, दमट हवेत मारला की पांढरा पडतो. त्यातलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पत्रा गार करतं आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं. काळ्या बॉडीवर राख फासल्यासारखं दिसायचं. मामांचं निम्मं कसब आभाळाकडे बघून आज गन धरायची की नाही हे ठरवण्यात होतं. माझा रंग एनसी नाही, सावकाश वाळणारं अल्किड इनॅमल आहे, त्यामुळे तो पांढरा पडत नाही. पण नळीतून आलेला पाण्याचा एक थेंब त्यालाही पुरतो. थेंब पडला तिथे रंग बाजूला सरतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा राहतो, खाली प्रायमर दिसत. कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश आला तरी तसंच.

हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत बाष्प मजेत राहतं. पुढे नळीत गार झाली की तेच बाष्प पाणी होऊन बाहेर पडतं. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडालाच लावून फारसा उपयोग होत नाही. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपाने फिल्टरमधून सुखाने निघून जातं. आधी वीस-पंचवीस फूट पाईप फिरवून हवेला गार होऊ द्यावं, मग फिल्टर. मी गॅरेजच्या भिंतीवर तांब्याचा पाईप वर-खाली नेला आहे आणि प्रत्येक खालच्या वळणाला एक कॉक ठेवला आहे. जुलैतल्या दमट दुपारी पहिल्या कॉकमधून पाणी येतं, शेवटच्यातून येत नाही. गनच्या किमतीच्या कैक पट पैसे या पाईपावर आणि फिल्टरवर गेले, आणि ते योग्य जागी गेले.

कॉम्प्रेसरचंही तेच. ही गन एचव्हीएलपी प्रकारातली, म्हणजे हवा भरपूर आणि दाब कमी. तोंडाच्या टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर जात नाही. जुन्या पद्धतीची गन जास्त दाबाने रंग मारते आणि त्यातला बराचसा धूर होऊन उडून जातो. कॅलिफोर्नियातल्या हवा-प्रदूषणाच्या नियमांनी निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे असा दंडक घातला, आणि एचव्हीएलपीचा प्रसार झाला तो त्यामुळे. घरच्या गॅरेजमध्ये त्याचा फायदा उघड आहे: धुरळा कमी, रंगाची नासाडी कमी. पण कमी दाब म्हणजे कमी हवा, असा अनेकांचा समज होतो. उलट आहे. या गनला मिनिटाला साधारण ६ घनफूट हवा लागते. खिळे मारायला घेतलेला छोटा चपटा कॉम्प्रेसर तेवढी देत नाही. बॉनेटच्या मध्यावर आलं की दाब पडतो, फवाऱ्याचे थेंब मोठे होतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. मग बिचाऱ्या गनला शिव्या.

गनची गोष्ट निघाली आहे तर तिचं मूळही सांगतो, मला ते फार आवडतं. ओहायोतल्या टोलेडो गावात अ‍ॅलन डीव्हिल्बिस नावाचे डॉक्टर होते. रुग्णांच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी फवारा उडवणारं छोटं साधन तयार केलं आणि १८८८ मध्ये त्याची कंपनी काढली. पुढे त्यांच्या मुलाने, थॉमसने, १९०७ च्या सुमारास तीच युक्ती रंगाला लावली. तरी मोटारी बराच काळ ब्रशनेच रंगत होत्या आणि वाळायला आठवडे घेत होत्या. विसाच्या दशकात ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको नावाचा लॅकर आला. तो इतक्या लवकर वाळायचा की ब्रशला वेळच मिळेना, तेव्हा गनशिवाय गत्यंतर उरलं नाही. आपल्याकडच्या गॅरेजांच्या पाट्यांवर ‘ड्यूको पेंटिंग’ लिहिलेलं असतं ते हेच. घसा बरा करायला निघालेली वस्तू मिरजेच्या शेडपर्यंत आणि माझ्या हातापर्यंत आली.

नवी गन पाकिटातून काढली की थेट रंग भरू नये. स्वस्तातल्या गनमध्ये घडवतानाचं तेल आणि धातूचा बारीक कीस राहिलेला असतो. पूर्ण उघडून थिनरने धुवावी, नोझलच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्यावा, आतले रबरी वॉशर बसलेत का बघावं. मग पुठ्ठ्यावर फवारा मारून पाहावा. उभा, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा पट्टा आला की झालं. पट्टा एका बाजूला वाकला तर टोपीचं एक भोक तुंबलं आहे. मधे रंग जाड आणि कडा कोरड्या असतील तर रंग घट्ट किंवा हवा कमी. दोन टोकांना जाड आणि मधे रिकामा आला तर हवा जास्त. पुठ्ठा खोटं बोलत नाही, आणि फुकट असतो.

तयारीवर मी पानंच्या पानं लिहू शकेन, पण थोडक्यात सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि तरीही टाळता येत नाही. आधी ग्रीस धुवायचं, मगच घासायचं. उलटं केलं तर ग्रीस पत्र्यात चोळलं जातं. गंजलेले लहान भाग मी पाण्यात धुण्याचा सोडा घालून बॅटरी चार्जरला जोडतो. ऋण टोक गंजक्या भागाला, धन टोक एखाद्या साध्या सळईला. रात्रीतून गंज मऊ काळा होऊन ब्रशने सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. सळई स्टेनलेसची मात्र कधीही घेऊ नये, तिच्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत. नंतर इपॉक्सी प्रायमर, खड्ड्यांना लांबी, पुन्हा प्रायमर, ४०० नंबरचा पाण्याचा पेपर. तळहात फिरवून बघताना मीही आता डोळे मिटतो.

प्रत्यक्ष रंगाची वेळ फार थोडी असते. रंगात नॅफ्था नावाचं थिनर घालून मी तो इतका पातळ करतो की ढवळायच्या काठीवरून आधी सलग धार पडावी आणि मग थेंब थेंब. फरशीवर पाणी मारतो, धूळ बसते. पत्र्यावरून चिकट कापड फिरवतो. दिवा मुद्दाम खाली, बाजूला ठेवतो, कारण वरून पडलेल्या उजेडात ओला रंग आणि कोरडा रंग सारखाच दिसतो. पहिला हात अगदी हलका, प्रायमर मधूनमधून दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावून बघायचं ते टांगलेल्या एखाद्या निरुपयोगी पट्टीवर. रंग चिकटला पाहिजे, पण बोटाला लागता कामा नये. मग दुसरा, भरलेला हात. गन पत्र्यापासून वीतभर, मनगट न वळवता सगळा हात सरळ नेत. ट्रिगर बॉनेटच्या कडेआधी दाबायचा आणि कड ओलांडल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. तिरक्या उजेडात दिसतं: फवारा पडतो तिथे आधी बारीक दाणे उठतात, क्षणभर ते तसेच राहतात, आणि मग एकमेकांत मिसळून त्यांचा सपाट, ओला पापुद्रा होतो. त्या क्षणी हात पुढे गेला पाहिजे. अजून एक सेकंद थांबलं की ओघळ. आधी सुटला तर खडबड. हे अंतर कोणती गन विकत घेतली यावर नाही, डोळा तिथे होता का यावर ठरतं. म्हणून मी काम करताना गाणी लावत नाही.

इथे एका गोष्टीवर मला मुळीच तडजोड नको वाटते. इनॅमलमध्ये हार्डनर घातला की रंग लवकर कडक होतो, चमक टिकते, आणि अनेक जण तो सर्रास घालतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. एकदा का शरीर त्यांना बिथरलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि त्यांचा वास धोक्याच्या पातळीच्या आधी येईलच असं नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर हार्डनर नको, कितीही थोडं काम असलं तरी. मी घालत नाही. साध्या इनॅमललाही सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्यांचा आणि कणांच्या फिल्टरचा मुखवटा हवाच. कापडी रुमाल बांधून भागत नाही. मामांच्या शेडमध्ये रुमालच होता. आज त्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. ते रंगामुळेच, असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. पण मी मुखवटा घालतो की नाही, हे मामा दर वेळी विचारतात. गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याची ज्योतही आधी बंद करावी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत ज्योतीपर्यंत जाते.

हार्डनर नाही म्हणजे धीर हवा. अल्किड रंग नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत आतून कडक होतो आणि त्याला आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी हात लावून कोरडा वाटतो, बोल्ट आवळला की वॉशरखाली तो गोळा होतो. दोन-तीन दिवसांनी वर आणखी एक हात मारावा म्हटलं तर खालचा सुरकुततो. एक तर त्याच दिवशी हात पुरे करावेत, नाहीतर पुरता पिकेपर्यंत थांबावं.

ऋतूही बघावा लागतो. इथे मेपर्यंत गॅरेज गार. जूनच्या सुरुवातीला कॉटनवुडच्या झाडांचं पांढरं कापूस हवेत तरंगत असतं, दार फटभर उघडं राहिलं तरी ओल्या रंगावर येऊन बसतं. जुलैत दमट हवा आणि चिलटं. सप्टेंबर मात्र सोन्यासारखा. हवा कोरडी, ऊन मऊ, कीटक कमी. त्यामुळे माझं रंगकाम नेहमी नवरात्राच्या आगेमागे उरकतं. खंडेनवमीला घरात हत्यारं पुजतात त्यात पान्यांशेजारी ही गनही असते, सुटी करून, थिनरने धुऊन, नोझलच्या भोकातून पलीकडचं दिसेल इतकी स्वच्छ. बायको म्हणते, देव्हाऱ्यातल्या भांड्यांना एवढं घासत नाहीस. पण गन स्वस्त म्हणून तिला टाकून द्यायची वस्तू समजणं मला जमत नाही. नीट धुतली तर ती वर्षानुवर्षं चालते.

रंग कोणता, हाही वाद आहे. माझ्या ट्रॅक्टरला हिरवाच, दुसरा विचार आला नाही. पण जॉन डिअरने स्वतः १९६९ मध्ये पॅटिओ नावाची मालिका काढली होती. सगळा ट्रॅक्टर पांढरा, आणि बॉनेट-सीट गिऱ्हाईक म्हणेल त्या रंगाची: लाल, नारिंगी, निळी किंवा पिवळी. त्या फारशा खपल्या नाहीत, आणि आता लोक त्या शोधत फिरतात. अशी एखादी मूळ रंगात सापडली तर मी तिच्यावर गन धरणार नाही, नुसती धुऊन मेण लावीन. उन्हापावसाने उडालेला मूळ रंगसुद्धा एकदा खरवडला की परत येत नाही. जिथे रंग आहे तिथे राखावा, जिथे पत्रा उघडा पडला आहे तिथे मारावा, इतकाच माझा नियम. माझ्या ११० वर डॅशच्या आतल्या बाजूला मूळ हिरव्याचा एक तुकडा चांगला होता. तो तसाच ठेवला आहे, आणि बाहेरचा नवा रंग त्याच्याशी ताडून घेतला.

आजींना ट्रॅक्टर दाखवायला बोलावलं तेव्हा त्यांनी बॉनेटकडे फार पाहिलंच नाही. त्या वाकून पायाच्या फळीखाली बघत होत्या, मीठ लागलं होतं तिथे. “इथे किती हात मारलेस?” त्यांनी विचारलं. प्रायमरचे दोन, रंगाचे तीन, मी म्हणालो. मग त्यांनी त्यांच्या शेडमधल्या बर्फाच्या पात्याची आठवण करून दिली. ते याच ट्रॅक्टरचं आहे, पिवळं, आणि कडेला पार गंजलं आहे. ते उचलून आणलं आहे. सोड्याच्या पिंपात मावत नाही, म्हणून त्याला तारेच्या ब्रशनेच घासावं लागेल, आणि हवा गार व्हायच्या आत प्रायमर तरी बसला पाहिजे.